डबीतली गोळी आणि दोन महिन्यांची सुई

पनवेलच्या एका वसाहतीत, दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसे राहतात. त्यातली एक बाई रोज रात्री भांडी आवरून झाली की फळीवरचा हळदीचा डबा खाली घेते. डब्याच्या तळाशी एक लहानशी डबी आहे, डबीत गोळ्या. केंद्रातून मिळालेली मूळ बाटली ती घरी आणतच नाही, कारण बाटली खुळखुळते. सुरुवातीला तिने बाटलीत कापूस भरून पाहिला होता. मग बाटलीवरच्या छापील अक्षरांची भीती वाटू लागली, कारण मुलगा आता दहावीत आहे आणि त्याला इंग्रजी वाचता येते. नवऱ्याला सगळे ठाऊक आहे. तोही औषध घेतो. घरातल्या बाकीच्या चौघांना काही माहीत नाही. चौदा वर्षे झाली.

ओळख पटेल असा तिचा कुठलाही तपशील मी इथे देत नाही. दिला असता तरी उपयोग नव्हता, कारण अशा डब्या या शहरात एकच नाही. तिने मला विचारलेला प्रश्न मात्र जसाच्या तसा देते : "ताई, टीव्हीवर सांगत होते, आता दोन महिन्यांनी एकदा सुई घेतली की भागतं म्हणे. खरं का? मग रोजची ही गोळी गेली?"

मी लगेच 'हो' म्हणाले नाही आणि 'नाही'ही म्हणाले नाही. उत्तर शोधायला बसले तेव्हा लक्षात आले, की दीर्घकाळ काम करणाऱ्या या इंजेक्शनांबद्दल मराठीत जे छापून येते त्यात दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ होते. एक इंजेक्शन एचआयव्ही झालेल्यांच्या उपचाराचे आहे. दुसरे, अजून संसर्ग न झालेल्यांनी तो होऊ नये म्हणून घ्यायचे. सहा महिन्यांतून एकदा घ्यायच्या ज्या सुईची मोठी बातमी झाली, ती मुख्यतः दुसऱ्या प्रकारची. आमच्या हळदीच्या डब्याशी संबंध आहे तो पहिल्या प्रकाराचा.

आधी आपण कुठून आलो ते थोडक्यात. भारतात एचआयव्हीचे निदान प्रथम १९८६ मध्ये चेन्नईत झाले. सरकारने मोफत औषधे द्यायला १ एप्रिल २००४ रोजी सुरुवात केली तेव्हा देशभरात अवघी आठ केंद्रे होती. त्यातले एक मुंबईचे जे. जे. रुग्णालय. पनवेलच्या रुग्णाने हार्बर लोकल पकडायची, सँडहर्स्ट रोडला उतरायचे, रांग लावायची आणि संध्याकाळी परतायचे, असा तो काळ. औषधे दिवसातून दोनदा, आणि त्यांचे त्रासही मोठे : गाल बसणे, पायांना मुंग्या येणे, रक्त कमी होणे. २०१७ पासून सीडी-फोर पेशी किती आहेत हे न पाहता निदान झालेल्या प्रत्येकाला उपचार सुरू झाले. २०२० नंतर टप्प्याटप्प्याने टेनोफोविर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्राविर ही तीन औषधे एकाच गोळीत आली. दिवसाला एक गोळी, त्रास कमी, परिणाम उत्तम. आज देशात एचआयव्हीसह जगणारे सुमारे २५ लाख लोक आहेत आणि त्यात सर्वाधिक, चार लाखांच्या आसपास, महाराष्ट्रात आहेत.

या गोळीला नावे ठेवायची नाहीत, हे मी मुद्दाम लिहिते. ती नियमित घेतली तर रक्तातला विषाणू इतका खाली जातो की चाचणीत सापडत नाही, आणि तसा तो दबलेला राहिला तर शरीरसंबंधातून जोडीदाराला संसर्ग होत नाही. उपचारच संसर्गाला अडवतो हे ज्या मोठ्या अभ्यासाने २०११ मध्ये दाखवून दिले, त्यात नऊ देशांतली १,७६३ जोडपी होती आणि त्याचे एक केंद्र पुण्याच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेत होते. जगाला हे ज्ञान देण्यात आपल्याकडच्या काही जोडप्यांचाही वाटा आहे, ही गोष्ट आपण फारशी सांगत नाही.

अडचण गोळीच्या गुणाची नाही. ती रोज घ्यावी लागते, रोज लपवावी लागते आणि रोज आठवण करून देते, ही अडचण आहे. शिवाय हळदीच्या डब्यातली डबी औषधाच्या दृष्टीनेही बरी नाही. या गोळ्या ओल शोषणाऱ्या पुडीसह मूळ बाटलीतच ठेवायच्या असतात आणि कोकणातल्या पावसाळ्याची हवा सर्वांना माहीत आहे. म्हणजे लपवण्यासाठी केलेली सोय औषधालाच मारक ठरू शकते.

आता सुई. तिच्यात दोन औषधे असतात, कॅबोटेग्राविर आणि रिल्पिविरिन. दोन वेगळ्या कंपन्यांची, दोन वेगळ्या कुप्यांतली. दोन्ही एकाच भेटीत द्यायची, कमरेत, एक डाव्या बाजूला आणि एक उजव्या बाजूला. दोन महिन्यांच्या मात्रेत प्रत्येकी तीन मिलिलिटर. कॅनडाने २०२० मध्ये आणि अमेरिकेने जानेवारी २०२१ मध्ये या जोडीला परवानगी दिली. तेव्हा ती दर महिन्याला द्यायची होती. दोन महिन्यांचे अंतर अमेरिकेत २०२२ मध्ये मान्य झाले. सुरुवातीच्या दोन सुया महिन्याच्या अंतराने आणि त्यानंतर दर दोन महिन्यांनी, असा क्रम.

औषध दोन महिने टिकते कसे? ही कल्पना आपल्या घरांत नवी नाही. संधिवाताच्या तापानंतर हृदयाची झडप दुखावलेल्या मुलांना दर २१ दिवसांनी पेनिड्युअरची सुई द्यायला घेऊन जाणारे आईबाप महाराष्ट्रात पिढ्यान् पिढ्या आहेत. ते पेनिसिलिनच, पण पाण्यात सहज न विरघळणाऱ्या रूपातले. स्नायूत गेले की तिथेच साठा होतो आणि त्यातून थोडे थोडे रक्तात झिरपत राहते. कॅबोटेग्राविरचेही तसेच. मुळातच पाण्यात न विरघळणारे हे औषध अतिसूक्ष्म कणांत दळून पाण्यात तरंगते ठेवलेले असते. गोळीवाटे घेतले तर निम्मे औषध सुमारे ४१ तासांत शरीरातून जाते. सुईवाटे घेतले तर तेवढ्यालाच कित्येक आठवडे लागतात. शरीर औषध बाहेर टाकायला हळू झालेले नसते. साठ्यातून ते रक्तात यायलाच वेळ लागतो. माठातून झिरपणाऱ्या पाण्यासारखे म्हणा. फरक एवढाच की हा माठ हवा तेव्हा रिकामा करता येत नाही. या वाक्याकडे मी नंतर परत येणार आहे.

सुई गोळीइतकीच चालते का? श्रीमंत देशांतल्या चाचण्यांनी 'हो' म्हटले होते, पण आपल्याला जवळचा वाटावा असा अभ्यास आफ्रिकेतला आहे. युगांडा, केनिया आणि दक्षिण आफ्रिकेतल्या ५१२ जणांचा हा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. सरकारी पद्धतीची केंद्रे, विषाणूची तपासणी आपल्याकडच्यासारखी अधूनमधून, आणि सहभागी लोकांपैकी बहुतेकांनी पूर्वी नेव्हिरापिन किंवा इफाव्हिरेन्झ घेतलेले. ४८ आठवड्यांनंतर गोळीवाले आणि सुईवाले दोन्ही गटांत ९६-९७ टक्के लोकांचा विषाणू दबलेला होता. जुलै २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या जोडीला मान्यता दिली, ती मात्र मोजून मापून : गोळ्यांनी विषाणू पूर्ण दबलेला आहे आणि हेपॅटायटिस बी नाही, अशा प्रौढांना आणि किशोरवयीनांना बदल म्हणून.

ही अट नीट वाचायला हवी. ज्याला गोळी रोज घेणे जमते, त्यालाच सुई मिळणार, असा तिचा सरळ अर्थ निघतो. जो गोळी चुकवतो, ज्याला सुईची खरी गरज, तो दाराबाहेर. या विसंगतीवर अमेरिकेत एक अभ्यास झाला. गोळ्या नियमित घेणे ज्यांना जमत नव्हते अशांचा विषाणू आधी मदत करून खाली आणला, मग काहींना महिन्याची सुई दिली आणि काहींना गोळ्याच चालू ठेवल्या. सुई इतकी सरस दिसली की फेब्रुवारी २०२४ मध्ये चिठ्ठ्या टाकून गट पाडणेच थांबवले. माझ्या मते पुढची दहा वर्षे या सुईचे खरे काम इथेच आहे. पण नियम अनुभवाच्या मागून चालतात आणि तसे चालणे इथे बरोबरही आहे. त्याचे कारण त्या माठात आहे.

समजा एखाद्याने सुया घेतल्या आणि मधेच सोडल्या. गावी गेला, काम सुटले, कंटाळला. गोळी सोडली तर औषध काही दिवसांत उतरते. सुईचा साठा मात्र एक वर्ष आणि काहींच्या बाबतीत त्याहूनही अधिक काळ थोडे थोडे औषध सोडत राहतो. विषाणूला मारायला अपुरे, पण त्याला औषधाची ओळख करून द्यायला पुरेसे. हा विषाणू स्वतःच्या नकला काढताना सतत चुका करतो. त्या चुकांतून जो या औषधाला दाद देत नाही तो टिकतो आणि वाढतो. शिवाय कॅबोटेग्राविर हे आपल्या रोजच्या गोळीतल्या डोल्युटेग्राविरच्याच कुळातले. एकाला न जुमानणारा विषाणू दुसऱ्यालाही अंशतः हुलकावणी देऊ शकतो. म्हणजे सुई मधेच सुटली तर सुईबरोबर गोळीही बोथट होण्याचा धोका. आफ्रिकेतल्या त्या अभ्यासातही सुईच्या गटात दोघांचा उपचार फसला. संख्या लहान, पण फसतो तेव्हा असा फसतो.

पनवेलकराला ही गोष्ट दुसऱ्या एका आजारातून ओळखीची वाटायला हवी. शहराबाहेर नेरे गावी कुष्ठरोग निवारण समितीचे शांतिवन आहे. कुष्ठरोगावर अनेक वर्षे डॅप्सोन ही एकच गोळी होती, रोज आणि वर्षानुवर्षे घ्यायची. लोक चुकवत. म्हणून १९६० च्या दशकात अ‍ॅसिडॅप्सोन नावाची सुई आली, सुमारे अडीच महिन्यांनी एकदा द्यायची. तमिळनाडूत चिंगलपुट भागात ती प्रतिबंधासाठीही वापरून पाहिली गेली. सोय मोठी होती, पण रक्तात औषधाची पातळी फार कमी राहायची आणि जिवाणू निर्ढावण्याची भीती तेव्हापासूनच बोलली जाऊ लागली. डॅप्सोनला दाद न देणारा कुष्ठरोग वाढत गेला. अखेर १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासगटाने एकाच वेळी अनेक औषधे द्यायची पद्धत सुचवली, तीत महिन्यातून एक मात्रा कर्मचाऱ्याच्या समोर घ्यायची होती. कुष्ठरोग त्या पद्धतीने हटला. औषध दीर्घकाळ टिकते एवढ्यावर भागत नाही. शेवटपर्यंत ते पुरेशा पातळीवर टिकावे लागते आणि दोन वेगळ्या बाजूंनी मारा करावा लागतो. आजची सुई दोन औषधांची आहे ती त्यामुळेच.

भारतात काही अडचणी खास आपल्या आहेत. पहिली क्षयाची. एचआयव्हीसह जगणाऱ्यांना क्षय होण्याची शक्यता जास्त, आणि क्षयाच्या उपचाराचा कणा म्हणजे रिफॅम्पिसिन. हे औषध यकृताला इतके कामाला लावते की सुईतली दोन्ही औषधे वेगाने मोडली जातात. म्हणून दोन्ही एकत्र देता येत नाहीत. सुई घेतलेल्या माणसाला क्षय झाला तर त्याला गोळ्यांवर परत आणावे लागणार. दुसरी अडचण हेपॅटायटिस बीची. रोजच्या गोळीतले टेनोफोविर आणि लॅमिव्हुडिन त्या विषाणूलाही दाबून ठेवतात. सुईतली औषधे त्याला हात लावत नाहीत. गोळी बंद करून सुई दिली आणि आत हेपॅटायटिस बी लपलेला असला, तर यकृतावर तो उसळू शकतो. म्हणून आधी ती तपासणी हवीच. तिसरी अडचण इतिहासाची. २००४ पासून जवळपास पंधरा वर्षे आपण ज्या नेव्हिरापिन-इफाव्हिरेन्झवर होतो, त्यांच्याच वर्गातले रिल्पिविरिन आहे. तेव्हा ज्यांचा उपचार फसला होता, त्यांच्या विषाणूला रिल्पिविरिन आधीच ओळखीचे असू शकते. आमच्या हळदीच्या डब्यावालीने सुरुवात केली तीही नेव्हिरापिननेच. एक गोष्ट आपल्या बाजूची आहे : भारतात बहुतांश सी उपप्रकारचा विषाणू आहे, आणि सुई फसण्याशी ज्या उपप्रकाराचा संबंध जास्त दिसला तो हा नव्हे.

आता पनवेल. मुंबई-पुणे रस्ता इथून जातो, गोव्याचा इथून फुटतो, न्हावा-शेव्याच्या बंदराकडे जाणारे कंटेनर इथूनच वळतात. कळंबोलीच्या लोखंड बाजारात ट्रकांच्या रांगा असतात. नव्या विमानतळाने बांधकाम मजुरांची आणखी एक लाट आणली. पावसाळा संपला की रायगडातल्या कातकरी वाड्या वीटभट्ट्यांवर निघतात. कोकणातला माणूस गणपतीला आणि शिमग्याला गावी जाणार, त्याला कोणी अडवू शकत नाही. अशा शहरात 'ठरल्या तारखेच्या सात दिवस आधी किंवा सात दिवस नंतर' एवढ्याच फटीत सुई द्यायची आहे. प्रवास आधी माहीत असेल तर मधल्या काळापुरत्या गोळ्या देता येतात, म्हणजे गावी जाताना पुन्हा डबी आलीच.

मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो साधा हिशोब. प्रकृती स्थिर असलेल्या रुग्णाला आज तीन महिन्यांपर्यंतच्या गोळ्या एकदम मिळू शकतात. म्हणजे वर्षाला चार फेऱ्या. दोन महिन्यांच्या सुईला सहा. रोजंदारीवरच्या माणसाला दोन खाडे जास्त. मी हे त्या बाईला सांगितले तेव्हा ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "खाडा पडला तर पडू दे ताई. सहा दिवस खोटं बोलणं आणि तीनशे पासष्ट दिवस खोटं बोलणं, यात फरक आहे." हिशोब माझा होता, पण आकडा तिचा जास्त बरोबर होता.

तिचा पुढचा प्रश्न मला अजून सुटलेला नाही. सुई घेण्यासाठी रांग त्याच दारापुढे लागणार ना, ज्याच्यावर पाटी आहे? गोळ्या निदान तीन महिन्यांनी घ्यायला जाता येते. सुई दिल्यावर काही वेळ बसावे लागते, कमरेत गाठ येते, एकदोन दिवस बसता-उठताना दुखते, आणि कामावर कोणीतरी विचारणारच. २०१७ चा एचआयव्ही कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे; कोणाची स्थिती त्याच्या संमतीशिवाय उघड करणे त्याने बेकायदा ठरवले आहे. पण पाटी वाचायला कायदा लागत नाही. इथे दुसऱ्या एका सरकारी सुईकडे बघावे असे वाटते. २०१७ पासून 'अंतरा' हे गर्भनिरोधक इंजेक्शन सरकारी दवाखान्यांत मोफत मिळते, दर तीन महिन्यांनी, कार्डावर तारीख टाकून. घरी न सांगता ते घेणाऱ्या बाया आहेत, हे परिचारिकांना चांगले ठाऊक असते. एचआयव्हीची सुई वेगळ्या दारामागे न देता अशाच नेहमीच्या इंजेक्शनच्या खोलीत दिली, तर रांगेतली बाई कशासाठी उभी आहे हे कोणाला कळणार? त्यासाठी त्या खोलीतल्या परिचारिकेला प्रशिक्षण लागेल आणि तोंड बंद ठेवण्याची सवय लागेल. दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा अवघड.

फ्रिजही लागेल. रिल्पिविरिनची कुपी २ ते ८ अंशांत ठेवावी लागते. प्राथमिक आरोग्य केंद्रात लशींचे शीतपात्र असते, पण लसीकरणाच्या नियमानुसार त्यात लशींखेरीज काही ठेवायचे नसते. तेव्हा वेगळा फ्रिज आणि पावसाळ्यात वीज गेली तर त्याची वेगळी सोय.

आणि पैसे. अमेरिकेत ही जोडी आली तेव्हा तिची महिन्याची छापील किंमत ३,९६० डॉलर होती. आपल्या रोजच्या गोळीची वर्षभराची किंमत २०२३ मध्ये ग्लोबल फंडाने केलेल्या करारात ४५ डॉलरच्या खाली आली. इतके अंतर कापता येते का? पूर्वी एकदा कापले गेले आहे. २००१ मध्ये सिप्लाच्या युसूफ हमीद यांनी तीन औषधांचा वर्षभराचा उपचार ३५० डॉलरला, म्हणजे दिवसाला एका डॉलरहून कमी किमतीत, देऊ केला, तेव्हा श्रीमंत देशांत त्याचीच किंमत दहा हजार डॉलरच्या पुढे होती. त्याच सिप्लाचा एक मोठा कारखाना पनवेलपासून जवळच, पाताळगंगा औद्योगिक वसाहतीत आहे. कॅबोटेग्राविरची स्वस्त आवृत्ती बनवण्याचा परवाना ज्या तीन कंपन्यांना २०२३ मध्ये मिळाला, त्यात अरबिंदो आणि व्हायट्रिसबरोबर सिप्ला आहे. तो परवाना प्रतिबंधापुरता होता. जुलै २०२५ मध्ये उपचारासाठीही वाढवण्यात आला.

सहा महिन्यांच्या सुईची, म्हणजे लेनाकापाविरची, गोष्ट याच वळणाने चालली आहे. ती पोटाच्या कातडीखाली देतात. दक्षिण आफ्रिका आणि युगांडातल्या अभ्यासात ही सुई घेतलेल्या २,१३४ तरुण मुलींपैकी एकीलाही संसर्ग झाला नाही. अमेरिकेत वर्षाला २८ हजार डॉलर. सप्टेंबर २०२५ मध्ये डॉ. रेड्डीज आणि हेटेरो यांच्याशी झालेल्या करारांनुसार २०२७ पासून ४० डॉलर, म्हणजे साडेतीन हजार रुपये. परवाना मिळालेल्या सहा उत्पादकांत पुण्याची एमक्युअरही आहे. आणि या औषधाच्या पेटंटला भारतात आक्षेप घेणाऱ्यांत मुंबईचा संकल्प रिहॅबिलिटेशन ट्रस्ट होता, नशेच्या आहारी गेलेल्यांमध्ये काम करणारा. उपचारासाठी मात्र ही सुई एकटी चालत नाही. अनेक औषधांना दाद न देणाऱ्या विषाणूवर ती इतर औषधांच्या जोडीने देतात. तिला सहा महिने साथ देणारे दुसरे औषध अजून चाचण्यांत आहे. ते आले तर वर्षाला दोन फेऱ्या.

सरकारी एआरटी केंद्रावर आज मिळते ती गोळीच. हे सगळे मी त्या बाईला आमच्या पुढच्या भेटीत सांगितले, जमेल तेवढ्या सोप्या शब्दांत. सुई यायला वेळ आहे, आली तरी आधी यकृताची तपासणी, जुने कागद, आणि तारीख चुकवायची नाही. जुने कागद तिच्याकडे नव्हते. भीतीपोटी तिने ते २०१३ सालीच चुलीत घातले होते. मग आम्ही दोघींनी मिळून एकच काम केले. केंद्रातल्या समुपदेशकाकडून तिच्या जुन्या औषधांची नावे आणि बदलल्याच्या तारखा एका कोऱ्या कागदावर उतरवून घेतल्या. वर ना तिचे नाव, ना आजाराचे. तो कागद माझ्याकडे आहे. गोळ्यांसाठी घट्ट झाकणाची, ओल शोषणारी पुडी मावेल अशी दुसरी डबी घेतली. ती हळदीत बसत नाही, म्हणून आता तांदळात असते.